तारुण्यपिटिका : समज, निमित्त आणि कारण

प्रस्तावना

एकोणीस वर्षांच्या एका तरुणाची कल्पना करा. तो गॅरेजात काम करतो. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करावे म्हणून त्याने परीक्षेचा अर्ज आणला आहे. अर्ज भरून झाला आहे. फक्त छायाचित्र चिकटवायचे राहिले आहे. तेवढ्यासाठी तो दोन आठवडे फोटो स्टुडिओत जाण्याचे टाळतो आहे, कारण त्याच्या कपाळावर आणि गालांवर लालसर पुटकुळ्या आल्या आहेत. आत्या सांगते, ‘लिंबू चोळ.’ कामावरचा सोबती म्हणतो, ‘तू तोंड नीट धूत नाहीस.’ शेजारच्या आजी हसून म्हणतात, ‘लग्न झालं की जातील!’ औषधांच्या दुकानातला माणूस एक छोटी ट्यूब पुढे करतो : ‘आठ दिवसांत चेहरा साफ.’

या चौघांपैकी कोणाचे ऐकावे? याचे उत्तर मिळवायचे, तर पुटकुळी का येते हे आधी समजले पाहिजे. प्रस्तुत पाठ हा आरोग्यविषयक माहितीपर लेख आहे. त्याच्या वाचनातून आपण एका सर्वपरिचित त्वचाविकाराची ओळख करून घेऊ आणि माहिती देणारी भाषा कशी असते, याचाही अभ्यास करू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- तारुण्यपिटिका कशा निर्माण होतात, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
- समज, निमित्त आणि कारण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
- उपचारांचे प्रकार व त्यांना लागणारा काळ सांगू शकाल;
- घातक मलमांपासून स्वतःला व इतरांना सावध करू शकाल;
- पारिभाषिक शब्दांची फोड करून त्यांचा अर्थ लावू शकाल.

१. नावांची ओळख

या विकाराला बोलीभाषेत मुरूम किंवा पुटकुळ्या म्हणतात. रस्त्यावर पसरतात त्या तांबूस, खडबडीत भरावालाही ‘मुरूम’च म्हणतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. ग्रंथांतून ‘तारुण्यपिटिका’ हा शब्द रूढ आहे. ‘पिटिका’ म्हणजे लहान फोड. वयाच्या ज्या टप्प्यात हे फोड प्रामुख्याने येतात, त्याचाच निर्देश या नावात आहे.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत त्याला ‘मुखदूषिका’ असे नाव असून, त्यातील फोडांना शाल्मली म्हणजे काटेसावर या झाडाच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीच्या खोडावरचे बुंध्याशी रुंद व टोकाला निमुळते काटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या उपमेची अचूकता पटेल. सुश्रुतांनी या विकाराची गणना ‘क्षुद्ररोगां’मध्ये, म्हणजे लहान रोगांमध्ये केली. जिवाला धोका नाही, या अर्थाने तो लहान खराच; परंतु ज्याच्या चेहऱ्यावर तो उमटतो, त्याला तो लहान वाटत नाही.

२. त्वचेच्या आत काय घडते?

आपल्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून केस उगवतो, म्हणून त्यांना रोमकूप म्हणतात. रोमकूपाला लागूनच तैलग्रंथी असते. तिच्यातून ‘सीबम’ नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरतो आणि त्वचा मऊ राहते. चेहरा, छाती, पाठ व खांदे या भागांत मोठ्या तैलग्रंथी दाटीने असतात; तळहात व तळपाय यांवर त्या मुळीच नसतात. पुटकुळ्या चेहऱ्यावर आणि पाठीवर येतात, तळहातावर कधी येत नाहीत, याचे रहस्य हेच.

तारुण्यपिटिका निर्माण होण्यामागे चार घटना एकमेकींत गुंतलेल्या असतात.

*पहिली घटना : तेल वाढते.* वयात येताना शरीरात अँड्रोजन या गटातील संप्रेरके वाढतात. ती मुलग्यांत अधिक असली, तरी मुलींतही असतात. त्यांच्या प्रभावामुळे तैलग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक सीबम तयार करू लागतात.

*दुसरी घटना : तोंड बुजते.* रोमकूपाच्या आतल्या अस्तरातील मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. या विकारात त्या एकमेकींना चिकटतात, सीबममध्ये मिसळतात आणि रोमकूपाच्या तोंडाशी बूच तयार होते. हे बूच बंद असेल, तर पांढुरका उंचवटा दिसतो. ते उघडे असेल, तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेच्या संपर्कात आलेले सीबम यांमुळे तो येतो. म्हणूनच कितीही घासले, तरी तो ठिपका धुऊन जात नाही.

*तिसरी घटना : जिवाणू वाढतात.* क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू प्रत्येक माणसाच्या त्वचेवर राहतात. बूच बसलेल्या, हवा नसलेल्या आणि तेलाने भरलेल्या रोमकूपात त्यांना अनुकूल परिस्थिती मिळते. हे जिवाणू आपल्याच त्वचेचे रहिवासी असल्यामुळे हा विकार एकाच्या स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही.

*चौथी घटना : दाह होतो.* शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. त्या जागी लाली, सूज व वेदना येते. कधी पू धरतो. दाह खोलवर गेला, तर कठीण, दुखऱ्या गाठी होतात आणि त्या बऱ्या होताना कायमचे खड्डे पडू शकतात.

पहिले सूक्ष्म बूच तयार झाल्यापासून पुटकुळी डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. आज आरशात दिसणाऱ्या पुटकुळीची सुरुवात बरीच आधी झालेली असते, ही गोष्ट लक्षात ठेवा. उपचारांचा विचार करताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) तळहातावर तारुण्यपिटिका का येत नाहीत?
(आ) काळा ठिपका घासून का जात नाही?
(इ) रिकाम्या जागा भरा : वयात येताना ........ या गटातील संप्रेरकांमुळे ........ ग्रंथी मोठ्या होतात.

३. समज, निमित्त आणि कारण

वर सांगितलेल्या चार घटना हे या विकाराचे कारण होय. काही गोष्टी स्वतः विकार निर्माण करत नाहीत. पण मुळात प्रवृत्ती असलेल्या त्वचेवर त्याला चालना देतात किंवा तो वाढवतात. त्यांना निमित्त म्हणावे. आणि ज्या गोष्टींना आधार नसतो, तरीही ज्या तोंडोतोंडी पसरतात, त्यांना नुसते समज म्हणावे.

निमित्तांची काही उदाहरणे पाहू. आईवडिलांना हा विकार तीव्र स्वरूपात झाला असेल, तर मुलांत तो होण्याची शक्यता वाढते. अनेक स्त्रियांना मासिक पाळीच्या आधी नवीन पुटकुळ्या येतात. केसांना लावलेले दाट तेल कपाळावर ओघळले, तर कपाळाच्या कडेने पुटकुळ्या येऊ शकतात. हेल्मेटचा पट्टा, घट्ट मुखपट्टी किंवा पाठीवरच्या ओझ्याचे बंद जिथे सतत घासतात, तिथेही त्या वाढतात. यंत्रांच्या तेलाशी रोज संबंध येणाऱ्या कामगारांची छिद्रे त्या तेलाने बुजतात. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने व गोळ्या यांमुळेही विकार उफाळतो.

आहाराविषयी जपून बोलले पाहिजे. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि दूध यांचा काही व्यक्तींतील तारुण्यपिटिकांशी संबंध असावा, असे काही अभ्यासांत आढळले आहे. सर्वांनाच तसा त्रास होतो, असे मात्र नाही. म्हणून घरातल्या वाढत्या मुलीचे दूध केवळ ऐकीव माहितीवरून बंद करणे योग्य नव्हे.

आता समज पाहू. ‘अस्वच्छतेने मुरूम येतात’ हा समज सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत दुखावणारा आहे. बूच त्वचेच्या आत तयार होते. तिथे साबण पोहोचत नाही. उलट दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा घासल्याने त्वचा कोरडी होते व दाह वाढतो. ‘लग्न झाले की जातात’ या समजामागचे खरे कारण वय हे आहे. विशीनंतर अनेकांचा विकार आपोआप ओसरतो आणि पूर्वी लग्नेही त्याच सुमारास होत. श्रेय मात्र लग्नाला मिळाले! लिंबाचा रस, दंतमंजन किंवा खाण्याचा सोडा यांनी चेहऱ्याची आग होते, प्रसंगी त्वचा भाजून डाग पडतो. आणि चेहऱ्यावरच्या फोडांवरून एखाद्याच्या वागणुकीविषयी तर्क करणे हा तर निव्वळ अन्याय होय.

४. उपचार

उपचारांची पहिली पायरी घरातच असते. सौम्य साबणाने दिवसातून दोन वेळा चेहरा धुवावा. पुटकुळ्या फोडू नयेत. फोडल्याने दाह खोल जातो व व्रण राहण्याची शक्यता वाढते. केसांचे तेल कपाळावर येऊ देऊ नये. काम संपताच वंगणाचे डाग धुऊन टाकावेत आणि तेलकट हात चेहऱ्याला लावू नयेत.

दुसरी पायरी लावण्याच्या औषधांची. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणूंचा नाश करते. त्याने उशीचा अभ्रा व टॉवेल यांचा रंग उडतो, म्हणून जुने कापड वापरावे. ॲडापलीन हे औषध रोमकूपात बूच बनू देत नाही. ते रात्री, वाटाण्याएवढेच घेऊन, विकार होणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ पसरवतात. फक्त पुटकुळीवर टिपका लावून उपयोग नाही, कारण उद्याची पुटकुळी आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडी सोलते. अशा वेळी औषध एक दिवसाआड लावावे का, हे डॉक्टरांना विचारावे. उन्हापासून चेहरा जपावा. गरोदर स्त्रियांनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

तिसरी पायरी पोटात घेण्याच्या औषधांची. दाह अधिक असेल, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक साधारण तीन महिन्यांच्या मर्यादित काळासाठी देतात. प्रतिजैविके दीर्घकाळ किंवा एकटीच वापरली, तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. गाठी व खड्डे पडणाऱ्या तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध देतात. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली. ते अतिशय गुणकारी आहे. पण त्यामुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून स्त्रियांनी औषध चालू असताना व ते थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून हे औषध कधीही घेऊ नये.

या सर्व उपचारांना वेळ लागतो. फरक दिसू लागण्यास सहा ते आठ आठवडे आणि पुरता परिणाम दिसण्यास सुमारे तीन महिने लागतात. पुटकुळीची सुरुवात आठवड्यांपूर्वी झालेली असते, हे आपण वर पाहिले. औषध नवीन बुचे बनणे रोखते. आधीच तयार झालेली मात्र आपल्या क्रमाने वर येतच राहतात. अनेक जण पंधरा दिवसांत निराश होऊन औषध सोडतात आणि नेमके तेव्हाच चुकीच्या ट्यूबकडे वळतात.

५. झटपट गुणाचा सापळा

आठ दिवसांत चेहरा साफ करणाऱ्या ट्यूबमध्ये काय असते? पुष्कळदा तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते. काही त्वचारोगांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ही औषधे मोलाची आहेत. चेहऱ्यावर मनाने लावली, तर मात्र ती घात करतात. स्टिरॉइड दाह दडपते. त्यामुळे लाली काही दिवसांतच उतरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. बूच मात्र तसेच राहते.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा भगभगतो, नको तिथे लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या येतात. घाबरून मलम थांबवावे, तर आग व लाली उसळते. पुन्हा लावले की बरे वाटते. अशा रीतीने चेहरा त्या मलमाच्या अधीन होतो. भारतात ही समस्या एवढी पसरली, की २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइडांचा समावेश औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत केला. त्यानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

म्हणून ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावा. ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असा शेवट असलेले नाव दिसले, तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. घटकांची नावेच छापलेली नाहीत, अशी क्रीम चेहऱ्याला लावू नका. असे मलम दीर्घकाळ वापरात असेल, तर ते कसे थांबवावे हेही डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

६. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दुखऱ्या गाठी होत असतील, खड्डे पडू लागले असतील, तीन महिने नियमित औषध लावूनही गुण नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. स्त्रियांमध्ये पुटकुळ्यांबरोबर पाळी अनियमित असेल व हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. तिथे जाण्यात संकोच मानू नये.

गव्हाळ व सावळ्या त्वचेवर पुटकुळी बरी झाल्यावर काळसर डाग राहतो. तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत. म्हणून उपचारांत दिरंगाई नको. सतत उदास वाटणे, लोकांत जाणे टाळणे, हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी लक्षणे आहेत.

आता आपल्या त्या तरुणाकडे वळू. त्याला सल्ला देणारे चौघेही चुकले. परंतु सर्वांत धोक्याचा सल्ला तोच होता, ज्याचा गुण सर्वांत लवकर दिसला असता. त्याने डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करावे आणि अर्जावर छायाचित्र मात्र आजच चिकटवावे. चेहरा सुधारण्यास तीन महिने लागतील; अर्जाची मुदत तोवर थांबणार नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) पुढील गोष्टींपुढे ‘समज’, ‘निमित्त’ किंवा ‘कारण’ लिहा : (१) रोमकूपाचे तोंड बुजणे (२) हेल्मेटचा पट्टा घासणे (३) तोंड न धुणे
(आ) स्टिरॉइडयुक्त मलमाचा गुण फसवा का असतो?

भाषाभ्यास

१. *शब्दांची फोड.* पारिभाषिक शब्द अवघड वाटले, तरी त्यांचा विग्रह केला की अर्थ उलगडतो. रोमकूप – रोमाचा (केसाचा) कूप (विहीर). तैलग्रंथी – तैलाची ग्रंथी. तारुण्यपिटिका – तारुण्यातील पिटिका. हे तिन्ही तत्पुरुष समासाचे शब्द आहेत.

२. *निश्चिती आणि शक्यता.* ‘तैलग्रंथी मोठ्या होतात’ आणि ‘खड्डे पडू शकतात’ या वाक्यांतील क्रियापदांची तुलना करा. पहिल्यात निश्चित विधान आहे, दुसऱ्यात शक्यता. आहाराविषयीच्या परिच्छेदात ‘संबंध असावा’ असे म्हटले आहे, ‘संबंध आहे’ असे नाही. माहितीपर लेखनात पुरावा जेवढा, तेवढेच ठाम क्रियापद वापरावे लागते. जाहिरात नेमके याच्या उलट वागते.

तुम्ही काय शिकलात?

- तेल वाढणे, रोमकूप बुजणे, जिवाणूंची वाढ आणि दाह या चार घटनांतून तारुण्यपिटिका निर्माण होतात.
- हा विकार अस्वच्छतेमुळे होत नाही व संसर्गाने पसरत नाही.
- योग्य उपचारांना सुमारे तीन महिने लागतात. संयम हा उपचाराचाच भाग आहे.
- स्टिरॉइडयुक्त मलम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये.

शब्दार्थ

संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारे व शरीराची कार्ये चालवणारे द्रव्य
दाह – आग, लाली व सूज
प्रतिजैविक – जिवाणूंचा नाश करणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध
व्रण – जखम किंवा तिची खूण
अनिवार्य – टाळता न येणारे

स्वाध्याय

१. तारुण्यपिटिका निर्माण होण्याची प्रक्रिया आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘निमित्त’ आणि ‘कारण’ यांतील फरक दुसऱ्या एखाद्या आजाराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखाद्या मलमाच्या ट्यूबवरील घटकांची नावे वाचून वहीत लिहा.
४. धाकट्या बहिणीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून चेहऱ्याला अनोळखी मलम लावायला सुरुवात केली आहे. तिला न दुखावता समजावणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) तिथे तैलग्रंथी नसतात. (आ) तो मळ नसून रंगद्रव्य व हवेच्या संपर्कातील सीबम यांमुळे येतो. (इ) अँड्रोजन, तैल.
२. (अ) (१) कारण (२) निमित्त (३) समज. (आ) ते दाह तात्पुरता दडपते, परंतु बूच दूर करत नाही. पुढे त्वचेची हानी करते व नव्या पुटकुळ्या आणते.